साळवे सरांचा चालता वर्ग

विद्या स्थिर आसनावर, स्थिर चित्तानेच साध्य होते, याबद्दल आपल्याकडे कुणाचं दुमत नाही. साळवे सरांनी मात्र आमच्या शाळेत रुजू झाल्या दिवशीच वर्गातली खुर्ची उचलली आणि माझ्या कार्यालयात आणून ठेवली. "ही तुम्हालाच शोभते," म्हणाले. मी मुख्याध्यापक. हा मान होता की अपमान, ते ठरेना, म्हणून मी तिच्यावर पोषण आहाराच्या वह्या रचल्या.

"बूड टेकलं की बुद्धी टेकते," हा सरांचा सिद्धांत. त्यांची तिसरी व्हरांड्यात, चिंचेखाली, पाण्याच्या टाकीभोवती फिरत असते. दिशा शिकवायच्या दिवशी पूर्वेकडे गेलेली पोरं हाका मारून परत आणावी लागतात. सर डबासुद्धा उभ्यानं खातात.

शाळा सोनईजवळची. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की पटावर नवी मुलं येतात. यंदा त्यांत पाथर्डीकडची कोमल होती, वय वर्षं नऊ. तिच्या आईनं आल्या आल्या सांगून टाकलं, "सर, हिला दर गावात पयलीतच बसवत्यात. कागुद न्हाई म्हनं. आशानं पोरगी पयलीतच म्हातारी व्हईल."

सरांनी तिला तात्पुरतं आपल्या तिसरीत घेतलं. पण कोमल बाकावर बसली की मुकी. काही विचारलं तर बोटं मोडायची. एकदा मधल्या सुट्टीत ती दप्तर डोक्यावर घेऊन चालताना सरांना दिसली, आणि चक्क पाढे पुटपुटताना. फडात आई उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, मागून कोमल वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन चालते आणि मोळ्या मोजते. तसं मोजत मोजत ती बाराच्या पाढ्यापर्यंत पोचली होती.

पोरं हसली. "मोळीवाली आली रं!"  दुसऱ्या दिवशी सर स्वतःची पिशवी डोक्यावर ठेवून वर्गात आले. आठवड्याभरात अख्खी तिसरी डोक्यावर दप्तरं घेऊन पाढे म्हणू लागली.

शाळा समितीचे अध्यक्ष तणतणत आले. "सर, आमची पोरं काय ऊस तोडाय घालायचीत का?"

"छे हो. मान सरळ राहते. फोटो चांगला येतो."

अध्यक्षांना फोटोचं पटलं.

मग सरांची मागणी आली. दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलासोबत आम्ही एक हमीपत्रक देतो, म्हणजे पुढच्या शाळेला त्याची इयत्ता कळते. कोमलच्या पत्रकावर मी 'तिसरी' लिहावं. मी म्हटलं, परीक्षा घेतल्याशिवाय नाही. तिला बाकावर बसवलं आणि सात नवे किती, विचारलं. कोमल बोटं मोडत राहिली.

"साहेब, तिला उठू द्या."

"ही परीक्षा आहे सर, मिरवणूक नाही."

"मग मिरवणुकीत घ्या की परीक्षा."

दप्तर डोक्यावर चढवून कोमल निघाली. प्रश्न विचारायचे म्हणून मला मागे पळावं लागलं. त्रेसष्ट, शहाण्णव, एकशे आठ. उत्तरं पुढून येत होती. टाकीच्या तिसऱ्या फेरीला मला धाप लागली, तिला नाही. मी 'तिसरी' लिहिलं, सही केली. शिक्क्याची शाई वाळलेली होती, म्हणून तेवढं उद्यावर टाकलं.

आणि पहाटेच टोळीनं तळ हलवला.

शाळेत आल्यावर सरांना ते कळलं. त्यांनी माझ्या टेबलावरून पत्रक उचललं, शिक्क्यावर पाणी शिंपडून कसाबसा ठसा उठवला आणि पायीच निघाले. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या गर्दीत टोळीच्या बैलगाड्या अडकल्या होत्या, म्हणून गाठ पडली. दुपारी परतले.

"दिलं?"

"दिलं."

पंधरवड्यानं सरांचा मोबाईल वाजला. लांबच्या तालुक्यातल्या एका शाळेतून बाई बोलत होत्या. पत्रकावर पालकाच्या नंबरखाली सरांनी आपलाही नंबर टाकला होता. "तिसरीच आहे मॅडम!" मैदानात येरझाऱ्या घालत सर ओरडत होते. "बसवून विचारू नका! चालवा तिला, चालवा!"

दहा मिनिटांनी त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. कोमलला तिसरीत घेतलं होतं.

महिनाअखेरीला मी सरांकडे घोडेगावच्या दिवसाचा अर्ध्या रजेचा अर्ज मागितला. त्यांनी उभ्या उभ्याच लिहून दिला. कारण: घरगुती अडचण.

सर केडगावला राहतात. घरात दुसरं कुणी नाही.