तिसरी पोळी भिंतीपलीकडे

सणाच्या आदल्या दिवशी आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी स्वतःला तराजूत घालून तोलून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सखाराम बापू मापाडी. मानवतच्या मोंढ्यात धान्य आणि कापूस तोलायला मोठा तराजू टांगलेला असे. त्याच्या एका पारड्यात बापू पागोट्यासकट मांडी घालून बसत, दुसऱ्या पारड्यात हमाल वजनं टाकत आणि सगळा मोंढा हातातलं काम सोडून आकड्याकडे कान लावी.

"दोन मण सहा शेर!" हमाल ओरडे.

"दिवाळीनं घात केला," असं म्हणून बापू उतरत, धोतर झटकत आणि जणू दुसऱ्याच कुणाचं पोतं तोलल्यासारखे पुढच्या कामाला लागत.

निजामाचं राज्य होतं. मी नुकताच पाथरीहून बदलून आलो होतो आणि मानवतच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मुलांना मराठी शिकवत होतो. एकटा जीव, आई मागच्याच वर्षी गेलेली, लग्नाचा पत्ता नाही. बापूंच्या घराला लागून एक खोली मिळाली. मधे कमरेएवढी मातीची भिंत. त्या भिंतीचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. का, ते सांगतो.

बापूंचं सगळं जग मण आणि शेरात चाले. माणूस समोरून येताना दिसला की त्याच्या नावाआधी त्यांना त्याचं वजन सुचे. तहसीलदारसाहेब घोड्यावरून गेले, की बापू हळूच म्हणत, "पावणेतीन मण. त्यात अर्धा शेर निसत्या मिश्या." मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रामराम करायच्या आधी म्हणाले, "गुर्जी, सव्वा मण. पोटात काही पडायलाय का न्हाई?" सणांचीही त्यांनी अशीच प्रतवारी लावली होती. नागपंचमी हलकी. पोळा मध्यम. आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, आंब्यामुळे जड. आणि दिवाळी? "दिवाळी सण न्हाई गुर्जी, दगुड हाय दगुड. पारड्यात पडला की उठत न्हाई."

मोंढ्यात मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. बापूंना ती सवय इतकी जडली होती, की ते पोळ्याही तशाच मोजत. पहिली पुरणपोळी ताटात पडली की डोळे मिटून "लाभ!" म्हणत आणि अशा काही चवीनं खात, की बघणाऱ्याला आपण आजवर पोळी खाल्लीच नाही असं वाटावं. मग "दोन". दुसरी ते अगदी हळू खात, कडेकडेनं, तूप बोटानं निपटून. आणि तिसरी वाढली गेली की "तीन" म्हणता म्हणता उठत, पोळी केळीच्या पानावर घेत आणि भिंतीपाशी येऊन हाक मारत, "गुर्जी, हात करा!"

मी हात करत असे. तो कधी आखडल्याचं मला आठवत नाही.

तिसरी माझी, चौथी माझी, कधी पाचवीही माझी. वर गुळवणी, येळवणी, कुरडया. बापूंची बायको, आमच्या वहिनी, हाताच्या मोठ्या सढळ. त्या वाढत जात आणि बापू भिंतीवरून सरकवत जात. त्यांचं पथ्य असं माझ्या पथ्यावर पडलं. आई गेल्यावर सण म्हणजे काय ते मला त्या भिंतीमुळे परत कळलं. वर्षभरात मी दीड मणाचा झालो. बापूंनी तेही डोळ्यानंच तोलून सांगितलं आणि वर "आता मास्तर दिसायलाय," अशी पावती दिली.

पण माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजतो म्हणतात, ते खोटं नाही. मी त्यांची थट्टा करू लागलो. "बापू, या वयात सडपातळ होऊन कुणाला दाखवायचंय?" असं वहिनींच्या देखत विचारायचो. वहिनी पदर तोंडाला लावून आत जायच्या. मोंढ्यात तर नाना तर्क चालत. कुणी म्हणे, हकिमानं परहेज सांगितलंय. मी एकदा हकिमांनाच गाठून विचारलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "मेरे कने तो आये नै कभी. घोड्याची तबियत हाय त्याची." कुणी म्हणे, चिक्कू आहे. पण चिक्कू माणूस शेजाऱ्याला तुपासकट पोळ्या देईल कशाला? बापूंना विचारावं तर एकच उत्तर, "हौस हाय, गुर्जी. काट्यावर खरं उतरायची हौस."

त्या वर्षी होळीच्या दोन दिवस आधी बापू भिंतीपाशी आले. "चला गुर्जी, आत्याकडं जाऊ होळीला. पिंगळीपल्याड गाव हाय. तुमचं काम हाय तिथं."

"माझं काय काम?"

"पोट घिऊन या रिकामं," एवढंच म्हणाले.

मानवत रोडला रेल्वेत बसलो, पिंगळीला उतरलो आणि शेतातून कोसभर चाललो. गावाच्या कडेला दोन खणांचं धाब्याचं घर होतं. दारातच गोदाआत्या उभ्या. साठीच्या पुढच्या, काटकुळ्या, एक शेरही जास्तीचा नाही. बापूंच्या चेहऱ्यावरून त्यांनी हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली आणि मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. डोळ्यांच्या कडा लाल होत्या. त्यांना समोरचं धुरकट दिसत होतं, हे माझ्या लक्षात आलं.

"ह्ये कोण रं सख्या?"

"गुर्जी हायेत. शेजारचे."

"मंग लय बरं झालं. दोघं बसा."

बसलो. बापू माझ्या इतके जवळ बसले, की दोन ताटांच्या कडा एकमेकींना लागल्या. पहिली पोळी आली. "लाभ!" दुसरी आली. "दोन." आत्या तव्याकडे वळल्या आणि तिसरी पोळी बापूंच्या ताटातून माझ्या ताटात आली. भिंत नव्हती, एवढाच फरक. आत्या वाढत होत्या, "खा लेकरा, सणाचं लाजू नको," म्हणत होत्या आणि बापू "खायलोय की, आत्या," म्हणून तोंड रिकामंच हलवत होते. पाचवी माझी. सातवी माझी. नवव्या पोळीला मी बापूंच्या पायाला चिमटा काढला. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी निमूट ती गिळली. अकराव्या पोळीनंतर मला ओसरीवर कसं आणून बसवलं हे मला नीट आठवत नाही.

बापू पाटलाला भेटायला मळ्याकडे गेले. आत्या हात पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या हातांवर भाजल्याचे जुने काळे डाग होते, मनगटापासून कोपरापर्यंत.

"गुर्जी, जेवला ना व्हो नीट मव्हा सख्या?"

"जेवले," मी म्हणालो. माझं पोट खोटं बोलायला तयार नव्हतं, पण तोंड बोललं.

"मला बी तेच पायजे. अन् नको बी." आत्या जराशा हसल्या. "या आत."

आत कोपऱ्यात फडक्याखाली गुळाच्या दोन मोठ्या ढेपी होत्या. आत्यांनी त्यांच्यावर हात ठेवला आणि सांगू लागल्या. मानमोडीच्या साथीत बापूंचे आई-बाप एकाच आठवड्यात गेले. बारा वर्षांचा सखाराम तापानं फणफणलेला. आत्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या. त्यांनी पोराला खांद्यावर घालून इथं आणलं आणि गावच्या पीराला नवस बोलल्या. पोरगं उठलं, तर मह्या घामाचा गूळ त्याच्या भारोभार वाटीन.

पोरगं उठलं. पण गूळ कुठून आणायचा? रानात रोजानं जायचं, तर पदरात ज्वारी पडायची. पुढं पाटलानं विहीर पाडली, ऊस लावला, गुऱ्हाळ सुरू केलं, तेव्हा कुठे आत्या हिवाळाभर चुलाणापुढे, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीपुढे, जाळ घालत बसून मजुरीचा गूळ घेऊ लागल्या. साल भरलं की दोन ढेपी. बरोबर दोन मण. एवढं होईतो सखाराम दोन मणांच्या पुढं निघून गेला होता.

"पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतंय, गुर्जी. ठिवता येत न्हाई. गावात वाटून टाकते अन् हिवाळ्याला पुन्हा चुलाणापुढं बसते. सात साल झाले. सख्या म्हनतो, मी इकत घिऊन देतो. पर बोलले मी मह्या घामाचा. पीराला कसं फसवू?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "यंदा फिटू दे बघा. आता डोळ्याला दिसंना. पुढल्या साली चुलाणापुढं बसले, तर हाय ती नजर बी जाईल म्हनतो हकीम."

"मग आत्या, त्यांना एवढं वाढता कशाला?" मला राहवेना.

"सणाच्या दिशी लेकराला उपाशी ठिवू व्हय?" त्या माझ्यावरच उखडल्या.

मी ओसरीवर येऊन बसलो. दोन वर्षं मी या माणसाची थट्टा केली होती. तो प्रत्येक सणाला तोंडचा घास भिंतीपलीकडे देत होता, ते त्या बाईचे डोळे वाचावेत म्हणून. आणि मी ते खाऊन वर त्याला हौशी म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली. अकरा पोळ्यांच्या खालीसुद्धा ती मला स्पष्ट जाणवली.

नवस फेडायचा तो पीराच्या उरुसात, होळीनंतरच्या गुरुवारी. मी मदरशातून रजा काढली आणि बापूंबरोबर पुन्हा गेलो. मधले दिवस बापू ताक आणि कण्यांवर राहिले होते. मोंढ्यातला तराजू त्यांनी सोबत गाडीत घातला होता, कारण दुसऱ्या तराजूवर त्यांचा भरवसा नव्हता. पीराच्या दर्ग्यापुढच्या लिंबाला पाटलाच्या गड्यांनी तो टांगला. गाव गोळा झालं. बापू पारड्यात बसायला निघाले, तेवढ्यात मुजावर म्हणाले, "पागोटं काढा बापू, शेरभर तर असंल."

"न्हाई जी," बापू म्हणाले. "जलमभर लोकाला खरं माप दिलं. पीराला खोटं देऊ व्हय? पागोट्यासकट तोला."

शेरभर पागोट्यासाठी हा माणूस आत्यांना आणखी एक वर्ष चुलाणापुढे बसवणार! पण बापूंपुढे बोलायची सोय नव्हती.

आत्यांनी ढेपीला कुणाला एकट्याला हात लावू दिला नाही. पाटलाच्या गड्यानं ढेप उचलली, पण खाली त्यांचा हात होताच. पहिली ढेप पडली. "लाभ," बापू पारड्यातून पुटपुटले. त्यांचं पारडं जमिनीला टेकलेलंच राहिलं. दुसरी ढेप पडली. साखळ्या करकरल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग बापू हळूच वर उठले. वर, आणखी वर, पागोटं लिंबाच्या फांदीला लागेपर्यंत.

गावानं एकच गलका केला. मुजावरांनी हात वर करून दुवा मागितली. बापूंचे पाय अधांतरी लोंबत होते आणि तोंडावरून पाणी वाहत होतं. पारडी सारखी करायला आत्यांनी ढेपेतून गूळ फोडून काढला. तो तीन शेर निघाला. आत्यांचं हसू मावळलं. त्या तशाच बापूंजवळ गेल्या, त्यांचे दंड चाचपले, बरगड्या चाचपल्या.

"सख्या, तुहं मास कुठं गेलं रं? मी इतकं वाढत हुते, ते कुठं गेलं?"

बापूंनी मान खाली घातली. मी पुढे झालो. "आत्या, ते माझ्याकडे आहे. दोन वर्षं मीच खाल्लं."

आत्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग तुमी बसा आता पारड्यात," त्या म्हणाल्या आणि सगळं गाव हसलं. त्याही हसल्या आणि हसता हसताच पदरात तोंड खुपसून रडू लागल्या.

नवसाचा गूळ घरोघर वाटला गेला. काढलेले तीन शेर मात्र आत्यांनी कुणाला दिले नाहीत. "ते पीराचं झालं. ह्ये मह्या लेकराचं," म्हणाल्या. लिंबाखालीच तीन दगडांची चूल मांडली, डाळ शिजत घातली, कुणाच्या घरचा पाटा आणला. दुपार कलली तेव्हा पहिली पोळी बापूंच्या पानावर पडली.

"लाभ," बापू म्हणाले आणि खाल्ली. दुसरी पडली. बापूंनी तिच्याकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं. "लाभ," ते म्हणाले. तिसरी पडली तेव्हा सवयीनं माझा हात पुढे झाला. बापूंनी तो हलकेच बाजूला सारला.

"लाभ."

मी तुपाचं भांडं उचललं आणि त्यांना वाढायला लागलो.