पिशवीतली लोंबी

वालावलकरकाका टोमॅटो घेतानासुद्धा विचारतात, "आई कोण, बाप कोण?" आमच्या दिंडोशीचा भाजीवाला पहिल्यांदा भांडायलाच उठला होता. आता तो निमूटपणे म्हणतो, "काका, नाशिकचा आहे ना." मग काका "गाव नाही विचारलं, घराणं विचारलं," असं पुटपुटत पाव किलो घेतात.

काका आमच्या समोरच्या दारात एकटे राहतात. सगळी नोकरी भात संशोधन केंद्रात गेली. दोन वाणांचा संकर करायचा आणि त्यातून चांगलं वाण निवडायचं, हे काम. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या आईची उंची विचारली. माझा मुलगा पहिला आला म्हणून पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "पहिली पिढी दिसायला छानच असते. खरं काय ते दुसऱ्या पिढीत कळतं." मी आठवडाभर अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे मी अजूनच चिडले. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायचे, "लोकांची लग्नं लावता लावता माझं राहून गेलं." लोक म्हणजे भाताची रोपं.

गच्चीवर त्यांनी टबांत भात लावलाय. त्यांच्या गावचा तांबडा भात शिजला की जिन्यापर्यंत वास येतो, पण रोप उंच, वारा आला की आडवं होतं. त्याचा एका ठेंगण्या, ताठ वाणाशी संकर करायचा, हा काकांचा ध्यास. भात फुलला की प्रत्येक फुलाचं टोक कातरायचं, चिमट्याने आतला पराग काढून टाकायचा, वर दुसऱ्याचा झटकायचा आणि लोंबीला कागदी पिशवी घालायची. दरवर्षी काहीतरी बिघडायचं. यंदा मात्र एका लोंबीत दाणे भरले. मोजकेच.

"हात थरथरतो गं आता," ते मला म्हणाले. "पुढच्या वर्षी चिमटा धरवणार नाही. जे आहे ते हेच."

दसऱ्याच्या दिवशी ती लोंबी काढायचं ठरलं होतं. पहाटेच काका फिरायला गेले, परत आले ते लिफ्टने थेट गच्चीवर, आणि तिथून अशी हाक आली की माझ्या हातातलं पुरणाचं पातेलं सुटलं.

मी बाहेर धावले आणि आमच्याच दारापाशी थबकले. आंब्याच्या पानासोबत भाताची लोंबी बांधली होती. कोकणात दसऱ्याला दाराला असं नवं बांधतात. दरवर्षी आम्ही ते बाजारातून आणतो. पण दर दसऱ्याला गावाहून येणाऱ्या माझ्या सासूबाई काल पहिल्यांदाच गाद्यांना ऊन द्यायला गच्चीवर गेल्या, आणि त्यांना मुंबईत पिकलेला भात दिसला. काका फिरायला गेल्यावर सगळा कापून त्यांनी बिल्डिंगभर वाटला होता, आणि आता त्या मोबाइल घरी ठेवून देवळात गेल्या होत्या.

तोवर खाली आलेले काका स्वतःच्या दाराकडे पाठ करून आमच्या दारातली लोंबी तपासत होते. "कातरलेली टोकं नाहीत. ही नव्हे. चल."

आम्ही जिने उतरत दार न्‌ दार बघत निघालो. कुठे पोरांनी दाणे सोलून खाल्ले होते. ते बघून काका तिथेच पायरीवर बसले. पण त्या सालांची टोकंही शाबूत निघाली. तळमजल्यावर झाडून काढलेल्या कचऱ्यात त्यांनी हात घातला. पिशवी सापडली, चुरगळलेली. लोंबी नव्हती.

"बिल्डिंगमधला नाईक एक लोंबी नवीन स्कूटरला बांधून गेला," वॉचमन म्हणाला.

काका गेटवर उभे राहिले. मी खुर्ची आणली, बसले नाहीत. नाईक आला तेव्हा त्यांनी आधी हँडलच धरलं.

"अरे काका, काय झालं यार?"

हँडलला बांधलेली लोंबीही ती नव्हती. काकांनी हँडल सोडून दिलं. मला रडू येत होतं आणि सासूबाईंचा भयंकर राग आला होता.

तेवढ्यात त्या देवळातून आल्या. लिफ्टमध्ये मी त्यांना ताडताड सगळं ऐकवलं. काका खाली मान घालून उभे. सासूबाई गोंधळल्या. "पिशवीतली? ती खंय कोणाक दिलंय?"

त्या काकांना दंडाला धरून त्यांच्याच दारापुढे घेऊन गेल्या. तिथे आंब्याच्या पानात ती होती. टोकं कातरलेली, दाणे शाबूत.

"दरवर्षी बघतंय, तुमच्या दाराक काय नसता," त्या म्हणाल्या. "म्हणान पयला तुमचाच बांधलंय. आणि ही इतकी जपलेली, म्हटलंय, ही तेंच्या घरातलीच आसतली."

काकांनी दोरा सोडायला हात वर केला. मग त्यांनी हात खाली घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "सावलीतच सुकवायची असते."

दिवसभर काका दार उघडं टाकून तिच्याखाली खुर्चीत बसले होते, चिमण्या येतील म्हणून. आमच्या जिन्यात चिमण्या येत नाहीत. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. काका प्रत्येकाला लोंबी दाखवत होते, तिचे आईबाप सांगत होते, आणि आत बसवून घेत होते.