गळ घालण्याचा परवाना

मासा हा जन्मापासून मरेपर्यंत कुठल्याही परवान्याशिवाय जगणारा प्राणी आहे. तेव्हा त्याला पकडणाऱ्याकडे तरी परवाना असावा, म्हणजे व्यवहारात एका बाजूने का होईना शिस्त राहते, अशा थोर विचाराने आमच्या शहरात मासेमारी नियंत्रण कार्यालय स्थापन झाले. (त्याआधी लोक नुसतेच मासे पकडत. कसे पकडत, देव जाणे.)

या कार्यालयाबद्दल मला पूर्वीपासून आदर होता. काम पडल्यावर तो वाढला.

काम पडले ते सासरेबुवांमुळे. सासरेबुवा निवृत्त घड्याळजी. त्यांचे थोरले बंधू लांबच्या शहरात राहतात आणि येत्या रविवारी, एकाच दिवसासाठी, येणार होते. या दोघा भावांचा एकमेकांवर फार जीव. फक्त समोरासमोर बसले की भांडण ठरलेले. मागच्या खेपेला खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून वाद पेटला आणि त्यानंतर कित्येक वर्षे अबोला चालला. शेजारीशेजारी बसले तर मात्र ते भांडत नाहीत. लहानपणी दोघे पाण्याकाठी गळ टाकून तासन्‌तास बसायचे, तेव्हापासूनची ती सवय.

"दादाला घेऊन मासे धरायला बसायचंय," सासरेबुवा मला म्हणाले. "या वेळी भांडलो तर पुन्हा गोड व्हायला आमच्याकडे सवड आहे कुठे?"

ते हसत म्हणाले, पण मला वाईट वाटले. मी रजा टाकली.

कार्यालयाला तीन खिडक्या आहेत. समोर लोकांना बसायला एक लांब बाक, आणि बाकापुढे काचेच्या टाकीत एक मासा. ताटकळणाऱ्या नागरिकाला आपण कशासाठी आलो होतो याचा विसर पडू नये म्हणून ही सोय केली आहे.

पहिल्या खिडकीत मासेमारीच्या सार्वजनिक जागांची माहिती मिळते. तिथल्या बाईंनी ती हातचे काही न राखता दिली. जागा तीन प्रकारच्या असतात: (अ) जिथे मासे आहेत पण जागा खाजगी आहे, (आ) जिथे जागा सार्वजनिक आहे पण मासे नाहीत, (इ) जिथे दोन्ही आहे, पण सुशोभीकरण चालू असल्यामुळे पाणी काढून टाकले आहे. पैकी (आ) प्रकाराबद्दल ब्याण्णव टक्के नागरिक समाधानी आहेत, कारण तिथे हाती आलेला मासा निसटल्याची एकही तक्रार नाही. (उरलेले आठ टक्के अजून गळ धरून बसलेले असल्याने त्यांचे मत घेता आले नाही.)

"आणि जिथे सगळंच आहे अशी एखादी जागा?" मी विचारले.

"आहेत की. पण ते आम्ही परवानाधारकांनाच सांगतो. नाहीतर कोणीही उठून जाईल."

दुसऱ्या खिडकीत परवान्याचा अर्ज मिळतो. अर्ज सुटसुटीत आहे. जागेचे नाव तेवढे भरायचे. म्हणजे परवान्याशिवाय जागा कळत नाही आणि जागेशिवाय परवाना मिळत नाही. सासरेबुवांनी ही रचना कसलेल्या घड्याळजीच्या नजरेने न्याहाळली आणि मनापासून दाद दिली.

"एकही दाता ढिला नाही," ते म्हणाले. "किल्ली द्यायला तेवढी जागा ठेवायची राहिली."

तिसऱ्या खिडकीत साहेब बसतात. सासरेबुवांनी खिडकीच्या गजांना धरून सगळी हकीकत सांगितली. "बघा ना साहेब, काही जमलं तर. भाऊ एकच दिवस येतोय. पाया पडतो हवं तर तुमच्या."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "आजोबा, हे काय करताय?"

"काय करणार? गळ घालतोय तुम्हाला."

"परवाना आहे?"

"कसला?"

साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिले होते: परवान्याशिवाय गळ घालणे हा दंडनीय अपराध आहे.

मी घाईघाईने मध्ये पडलो. "साहेब, मासे धरतात तो गळ. यांनी घातली ती गळ. दोन्हींत फरक आहे."

"पाटीवर कुठे तो आणि ती लिहिलंय?"

खरोखरच लिहिलेले नव्हते. "आमच्या कार्यालयात लिंगभेद चालत नाही," साहेब ताठ मानेने म्हणाले. इतका पुढारलेला अधिकारी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

रीतसर गुन्हा नोंदवला गेला. नोंदीत स्थळ लिहावे लागते. साहेबांनी लिहिले, "गळ घालण्याचे ठिकाण: प्रस्तुत कार्यालय, खिडकी क्रमांक तीनसमोरील बाक," आणि ते एकदम थबकले. नियम असा आहे की, जिथे गळ घातल्याची सरकारी नोंद आहे, जिथे नागरिकांना मुक्त प्रवेश आहे आणि जिथे किमान एक मासा आहे, ती जागा आपोआप मासेमारीची सार्वजनिक जागा ठरते. आम्ही तिघांनीही टाकीकडे पाहिले.

साहेब प्रामाणिक माणूस. "आजोबा," ते म्हणाले, "जागा मिळाली तुम्हाला. दुसऱ्या खिडकीत जा." साहेबांचा चहा थंड व्हायच्या आत रविवारचा परवाना हातात पडला, आणि परवाना असल्यामुळे गुन्हाही मागच्या तारखेने रद्द झाला.

रविवारी कार्यालय बंद असते. पण रखवालदाराने परवाना उलटसुलट पाहिला आणि दार उघडले. "जागेचं नाव छापलंय. मी कोण अडवणारा?"

"धाकट्या, तळं म्हणतात ते हेच का?" थोरल्या बंधूंनी विचारले.

"हेच. बस आता."

दोघे बाकावर शेजारीशेजारी बसले आणि त्यांनी टाकीत गळ सोडले. गळांना आमिष लावले नव्हते. सरकारी मासा आहे, उगाच आमिष दाखवल्याचा ठपका नको, असे सासरेबुवांचे म्हणणे. मासा अनुभवी असावा. त्याने दोन्ही गळांकडे शेवटपर्यंत लक्ष दिले नाही.

"हलला का रे?"

"हळू बोल दादा, बिचकेल."

दुपारी थोरल्या बंधूंनी वर पाहिले. "ती खिडकी..." ते म्हणाले, आणि मी मध्ये पडायला अर्धा उठलो. "...तिथेच धरला ना तुला?"

सासरेबुवा आधी गोंधळले, मग हसत सुटले. दोघेही डोळे पुसेपर्यंत हसले. संध्याकाळी निघताना थोरले बंधू म्हणाले, "मासा काही लागला नाही."

"बरं झालं," सासरेबुवा म्हणाले. "आता पुढच्या वर्षी यावंच लागेल तुला." मला त्या कार्यालयाचे इतके उपकार वाटले की मी बंद खिडकीला नमस्कार केला.

तर असा हा परवाना. तुम्ही हे वाचून हसलात, आनंद वाटला. पण हसता हसता एक विचार तुमच्या मनात येऊन गेलाच: आपलेही एक काम कुठेतरी अडून बसले आहे, आणि या माणसाची साहेबांशी चांगलीच ओळख दिसते. माझी ना नाही. फक्त शब्द टाकण्याचा परवाना वेगळा असतो. तो आधी काढून या.