कंपनीची मिशी

रंगाकाका चहा पिताना डाव्या हाताने मिशी वर धरतात. वरण ओरपतानाही तेच. धुळवडीला तर दिवसभर कडी लावून घरात बसतात. दारावर थाप पडली की आतून ओरडतात, “रंग लावायचा तर पायाला लावा! मिशी माझी न्हाई, कंपनीची हाय!”

असं मी लिहितो आहे, पण ही गोष्ट मागच्या उन्हाळ्यापर्यंतची.

एका बियाणे कंपनीच्या पिशवीवर पिवळ्या फेट्याचा, झुपकेदार मिशीचा शेतकरी हसतो. तो म्हणजे आमचे मंठ्यातले शेजारी रंगाकाका. हंगामात सजवलेल्या जीपवर उभे राहून ते घनसावंगीच्या, भोकरदनच्या बाजारात तसेच हसतात. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. उमेद होती तोवर ते तमाशाच्या फडात गवळणीतली मावशी रंगवायचे. दाढीमिशी घोटून, नऊवारी नेसून, कंबर हलवत. फड मोडला तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा मिशी वाढवली, आणि तीच कंपनीच्या नजरेत भरली. आमच्या शेजारी ते राहायला आले ते मिशीसकटच.

बसस्टँडवर कुणीही त्यांना अडवतं. “काका, तुमचं बी उगवलंच न्हाई!”

“बाबा, मी नुस्ता फोटो हाय,” काका हात जोडतात. पण लगेच “चल, बघू,” म्हणून त्याच्यामागे शेतात जातात. बांधावर उभे राहून गंभीरपणे हुंकार देतात. कळत काहीच नाही. तरी तो माणूस शांत होतो, वर भेंड्या बांधून देतो.

दर हंगामाआधी कंपनीचे साहेब येऊन त्यांच्या चेहऱ्याशेजारी पिशवी धरून पाहतात. मिशी गेली की काम गेलं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही काकांनी मिशी उतरवली नाही. भावकी आजही बोलत नाही. माझे वडील शाळामास्तर होते. ते रोज संध्याकाळी ओट्यावर टोमणा मारायचे, “रंग्या, तुझ्या मिशीला सुतक लागत न्हाई का रे?”

मागच्या उन्हाळ्यात वडील गेले. दुखणं फार लांबलं होतं. सुटले, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. आई मात्र भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बोलेना, ताटाला हात लावीना.

दहाव्याला नदीवर माझी हजामत झाली. मी उठलो, तर माझ्या जागी काका येऊन बसले.

“काका, तुम्ही भावकीतले नाही. आणि जीप चार दिवसांवर आलीय.”

“गप. मला रंग्या म्हणणारा एकच माणूस होता.”

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. “काका, कंपनीची हाय न्हवं?”

“हाय. चालव.”

घरी ते तोंडावर उपरणं धरूनच आले. ओसरीवर टेकले आणि घाम पुसायला उपरणं खाली घेतलं. आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

“अगं बया! मावशी!” इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. “लग्न झाल्यावर ह्यांनी मला जत्रंत नेल्तं, तवा तुम्हीच होता का वो?”

काकांनी उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला, कमरेवर हात ठेवला आणि मान वेळावली. “मंग काय! आन् मावशी उपाशी बसून राह्यली की वैनी. वाढता का कसं?”

आई हसली. हसता हसता रडली, डोळे पुसत उठली आणि दोन ताटं वाढून घेऊन आली. एक स्वतःला.

साहेब आले तेव्हा काकांनी फडाच्या जुन्या पेटीतली मिशी डिंकाने चिकटवली होती. साहेबांनी पिशवी शेजारी धरली, डोळे बारीक केले. मी दाराआडून बघत होतो.

“एकदम बराबर,” साहेब म्हणाले.

आता वर्ष झालं. खरी मिशी कधीच वाढली असती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “वाढवीन की. जल्दी काय हाय?” आणि रोज सकाळी गुळगुळीत दाढी करतात. बाजारावरून आले की खोटी मिशी काढून खिशात ठेवतात आणि आमच्या ओट्यावर येऊन बसतात.

आतून आई मला हाक मारते, “मावशी आली रे, चहा टाक.”