बॉटम खाली करो

"खड्डा दिसत नाहीये," मोबाइलवर नकाशा मोठा करून बघत हेरंब गाडीच्या मागच्या सीटवरून म्हणाला.

सोनीपत मागे पडलं होतं. पानिपत पाऊण तासावर होतं. पुढच्या सीटवर बसलेल्या विनया मॅडमनी, म्हणजे नोएडातल्या त्यांच्या आर्किटेक्ट ऑफिसच्या मालकीणबाईंनी, मान वळवली. "कुठला खड्डा?"

"ट्रकचा. बत्राजींच्या गोदामाच्या मागे एक ट्रक लावायला तीन फूट खोल जागा केलीय ना, ती. मॉडेलमध्ये आहे, नकाशात नाही."

"हेरंब! तिसऱ्यांदा?"

तिसऱ्यांदाच होतं ते. आता यात हेरंबचा दोष म्हणावा तर आहे, नाही म्हणावा तर नाही. हल्लीचं सॉफ्टवेअर अख्खी इमारतच कॉम्प्युटरात उभी करतं, आणि नकाशा हवा असला की तिला चार फुटांवर आडवी कापून वरून बघतं. कुठे कापायचं आणि किती खोल बघायचं, म्हणजे त्याचा 'बॉटम' कुठे, हे आपण सांगायचं. नाही सांगितलं तर ते आपल्या मनाचं करतं. पहिल्या खेपेला खिडक्या सहा फुटांवर होत्या, म्हणून नकाशात एकही आली नाही, आणि पानिपतात चादरींचा धंदा करणाऱ्या बत्राजींनी विचारलं, "गोदाम है या जेल?" दुसऱ्या खेपेला जिना अर्ध्यातच तुटलेला दिसला. "ऊपर जाके लटकना है क्या?" आता खड्डा जमिनीखाली, आणि सॉफ्टवेअर बघतंय जमिनीपर्यंतच.

पण आजची गोष्ट वेगळी होती. आधी पुण्यात आणि मग इकडे, अशी आठ वर्षं हेरंबनं दुसऱ्यांच्या नावावर नकाशे काढले होते. आज पहिल्यांदाच कागदाच्या तळाच्या चौकटीत 'आर्किटेक्ट' या शब्दापुढे त्याचं नाव होतं. सकाळीच त्यानं त्या चौकटीचा फोटो काढून आईला पाठवला होता. मॅडमनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, बत्राजींनी पास केलं तर नाव राहील, नाहीतर काम ऑफिसातल्याच जयदीपकडे.

"दोन मिनिटांचं काम आहे मॅडम. ऑफिसात चिरागभाईंना सांगतो. माझ्यावर विश्वास ठेवा."

"विश्वास? तो पानिपतातच गेला रे बाबा," मॅडम म्हणाल्या आणि पुढे बघू लागल्या.

चिराग भल्ला हे ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन. सांगितलेल्या कामात त्यांनी वीस वर्षांत काना-मात्रेचा फरक केला नव्हता. हेरंबनं फोन लावला. हायवेवर नेटवर्क येत-जात होतं आणि शेजारून एक ट्रक कर्कश हॉर्न देत चालला होता.

"चिरागभाई, प्लॅन में ट्रक की जगह नहीं दिख रही! बॉटम खाली करो!"

"खाली कर दूँ? पक्का?"

"बिल्कुल! ट्रक दिखना चाहिए!"

"मतलब ट्रक खड़ा दिखे, उतना खाली?"

"हां यार, उतना ही! और सीधे बत्राजी के ऑफिस भेज दो, वो छाप लेंगे."

"सर, लेकिन नीचे तो काफ़ी कुछ है..."

"वही तो!" हेरंब ओरडला आणि फोन कटला. हुश्श करून तो मागे रेलला.

बत्राजींच्या ऑफिसात चादरींची डिझाइनं छापायला एक भलामोठा प्रिंटर होता. चहा आला, आणि चहाबरोबर कागदही इंचाइंचानं बाहेर यायला लागला. मागच्या खोल्या आल्या. खिडक्या सगळ्या जागेवर. जिना धडधाकट. हेरंबचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात कागद पांढरा यायला लागला. दर्शनी ऑफिस गायब, सोफ्यांचा हॉल गायब, मॅडमनी हौसेनं काढलेलं कारंजं गायब. त्या रिकाम्या मैदानात दोन ट्रक शेजारी शेजारी उभे होते. तळाला चौकटही नव्हती. म्हणजे नावही नव्हतं.

"हे काय आहे?" मॅडम दात आवळून कुजबुजल्या.

"मी फक्त चिरागभाईंना खाली करायला सांगितलं..."

"अरे शहाण्या, हिंदीत खाली म्हणजे रिकामं! त्यांनी कागदाचा तळच रिकामा केला! नीचे म्हणायचं, नीचे! दोन वर्षं काय केलंस दिल्लीत?"

दोन वर्षं हेरंब अगदी व्यवस्थित 'नीचे' म्हणत आला होता हो! पण घाईत तोंडातून मायबोलीच निघते, त्याला कोण काय करणार?

बत्राजींनी चष्मा लावला. मग त्यांनी ट्रकवर बोट ठेवलं. "ये क्या है?"

"ट्रक, जी." हेरंब म्हणाला.

"दो?"

"दो."

"सड़क पे नहीं? अंदर?"

"अंदर, जी."

बत्राजींनी टेबलावर अशी थाप मारली की कपबशा नाचल्या. "यही तो मैं पहले दिन से बोल रहा हूँ! रोज़ सड़क पे ट्रक, रोज़ झगड़ा! और आप लोग मुझे सोफ़ा दिखाते हो, फ़व्वारा दिखाते हो! ऑफ़िस का क्या है, ऊपर चढ़ा दो. मैडम, बुरा मत मानना."

"छे, छे!" मॅडम चक्क मराठीत म्हणाल्या. मग सावरून, "हेरंब ने इस पर बहुत सोचा है." आणि हळूच, "आता तोंड उघडू नकोस."

कारंजं गेलं ते गेलं, काम तर राहिलं! हेरंबला इतकं हायसं वाटलं की समोरचा थंडगार चहा त्यानं एका घोटात संपवला.

बत्राजींनी नकाशावर झोकात सही केली. मग कागद उलटासुलटा करून पाहिला. "और आर्किटेक्ट का नाम?"

हेरंबनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "बघतोस काय? लिही."

चौकट जिथे असायची, त्या कोपऱ्यात हेरंबनं मुंगीएवढ्या अक्षरांत नाव लिहिलं.

बत्राजी वाकून बघू लागले. "इतना छोटा? जगह की कमी है क्या?"

हेरंबनं पेन पुन्हा टेकवलं आणि दोन्ही ट्रकांच्या खाली, बोटभर उंच अक्षरांत, आडनावासकट नाव लिहून काढलं.