मिस्त्रींचा कान आणि गाडीतली शिट्टी

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डोळे मिटले आणि टोपी जराशी खाली ओढून घेतली. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच तिचं दुखणं सांगणारा माणूस, म्हणून लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. यंत्रं लावून तपासणारी चकाचक गॅरेजं सोडून गिऱ्हाईक त्यांच्याकडे येई, ते त्या कानावर विसंबूनच.

गेल्या महिन्यापासून मात्र त्याच कानात शेंगदाण्याएवढं श्रवणयंत्र होतं. ही गोष्ट त्यांनी या कानाची त्या कानाला कळू दिली नव्हती. कानवाल्या मिस्त्रींना ऐकू येत नाही असा बोभाटा झाला असता, तर उद्यापासून गॅरेजात माश्या मारत बसावं लागलं असतं.

"चालत्या गाडीत बारीक शिट्टी वाजते," गाडीचे मालक म्हणाले. हे निवृत्त पोस्टमास्तर. सोबत शाळेत शिवण शिकवणारी त्यांची बायको, जिला सगळे बाईच म्हणत, आणि पट्ट्याला बांधलेला कुत्रा. "आमच्या हिला ऐकूच येत नाही. म्हणते, तुमचा भास."

"वाजत असती तर मला नसती ऐकू आली?" बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी सुरू इंजिनाशी कान नेला.

"आली! ऐकलीत?" पोस्टमास्तर ओरडले.

मिस्त्रींना काडीचंही ऐकू आलं नव्हतं. इतके बारीक आवाज त्यांना सोडून जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि यंत्रानेही ते परत आणले नव्हते.

"आली तर! पंख्याचा पट्टा सैल आहे," ते ठामपणे म्हणाले. इंजिन बंद करून पट्टा काढायला वाकले.

"परत वाजली! अहो, इंजिन बंद आहे ना?"

"मुरलेला आवाज आहे. लगेच नाही जात."

पट्टा निघाला, पंखा निघाला, नळ्या निघाल्या. मिस्त्री वाकले की शिट्टी, उभे राहिले की शांत.

"तुम्ही वाकलात की वाजते हो!"

"ओळखते ती मला," मिस्त्री म्हणाले. पण आता त्यांना दरदरून घाम फुटला होता.

एवढ्यात कुत्र्याने पट्टा हिसडला. त्याने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मिस्त्रींसमोर बसून, कान टवकारून तो त्यांच्या टोपीकडे टक लावून बघू लागला. मिस्त्रींचा हात टोपीखाली कानाकडे गेला. श्रवणयंत्र देताना दुकानदाराने बजावलं होतं, यंत्र सैल बसलं आणि कानाजवळ काही आलं की ते शिट्टी मारतं.

"पाणी पिऊन येतो," म्हणत ते टायरांच्या ढिगामागे गेले आणि यंत्र काढून मुठीत दाबून धरलं. मुठीत ते जास्तच किंचाळलं. कुत्रा धावत येऊन मूठ हुंगू लागला आणि त्याच्यामागून आल्या बाई. त्या काहीतरी बोलल्या. मिस्त्रींना नुसते ओठ दिसले.

बाईंनी त्यांच्या मुठीकडे बोट दाखवलं आणि आपल्या कानावरचे केस बाजूला केले. आत तसंच एक शेंगदाण्याएवढं यंत्र होतं.

मिस्त्रींनी घाईघाईने आपलं कानात घातलं.

"नीट आत दाबा, सैल बसलंय," बाई कुजबुजल्या. "माझंही सीटच्या उशीला डोकं टेकलं की वाजत असणार. आता उलगडा झाला."

"साहेबांना ठाऊक नाही?"

"बत्तीस वर्षं मी त्यांना 'जरा ऐकत जा' म्हणतेय. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मिस्त्रींनी सगळे भाग परत जोडले, सीटची उशी दोन बोटं मागे सरकवली आणि हात पुसले. "दोष उशीत होता. बाईंनी ताठ बसायचं."

गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आली. शिट्टीचं नाव नव्हतं.

पोस्टमास्तर अगदी भारावून गेले. "याला म्हणतात कान! शीक जरा मिस्त्रींकडून, कसं ऐकायचं असतं ते!"

"शिकले," बाई ताठ बसून म्हणाल्या.