पुराव्याच्या बरण्या

डास हा जन्माने शेजारचा असतो. तो आपल्या घरी येतो, चावतो, प्रसंगी आपल्याच तळहातावर प्राण सोडतो. पण जन्माला मात्र तो शेजारीच येतो. 'हा आमच्याकडचा बरं का' असं म्हणून एखाद्या कुटुंबप्रमुखाने डासाची ओळख करून दिल्याचं आजवर ऐकिवात नाही. (शेजारी असं म्हणत नाही, ही त्याची लबाडी. आपण म्हणत नाही, कारण ते खरं नाही.)

हे सत्य ज्यांना पुरतं उमगलं होतं असे एक गृहस्थ एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होते. वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लोक त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'तराजू' म्हणत. शिक्का नसलेलं माप त्यांनी नोकरीत कधी खरं मानलं नाही, आणि निवृत्तीनंतर हाच नियम माणसांनाही लावला. फक्त एका बाबतीत त्यांचं पारडं कायम झुकलेलं असे. त्या पारड्यात त्यांची सात वर्षांची नात बसली होती. ती एका जागी कधी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

गेल्या वर्षी भिंगरीला डेंग्यू झाला. ती आठवडाभर दवाखान्याच्या खाटेवर होती आणि साहेब बाहेरच्या बाकावर. ती घरी आल्यावर सून म्हणाली, "बाबा, यंदा पुन्हा हिला काही झालं ना, तर मी हिला घेऊन आईकडे जाईन. तिथली शाळाही बघून ठेवलीय." साहेबांचा मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरातले निर्णय जमिनीवर असलेली माणसंच घेत. सून आदळआपट करून बोलली असती, तर साहेबांनी कानाआड केलं असतं. पण ती अगदी शांतपणे बोलली. भिंगरी नसलेलं घर त्यांना डोळ्यांसमोर आणवेना.

त्यांनी कंबर कसली. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसल्या. भिंगरीच्या खोलीला दुहेरी. जाळीची भोकं साहेबांनी स्वतः भिंगातून तपासली आणि ढिलाईबद्दल जाळीवाल्याला दोनदा परत पाठवलं. घरी येणाऱ्याने दाराबाहेर उभं राहून आधी कपडे झटकायचे, मग केस झटकायचे आणि त्यानंतरच बेल वाजवायची, असा नियम झाला. (दूधवाल्याने दोन दिवस झटकून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून तो पिशवी दाराला अडकवून पळू लागला. पाहुण्यांनी पिशवी न अडकवता तेच केलं.) भिंगरीला भर उकाड्यात पूर्ण बाह्या, पायमोजे आणि अंगभर मलम. त्या मलमाच्या वासाने डास किती लांब गेले याची आकडेवारी उपलब्ध नाही. मैत्रिणी मात्र दोन बाक लांब गेल्या.

या धामधुमीत सुनेने एकदा विचारलं, "बाबा, गॅलरीत कुंड्यांखालच्या बशांमध्ये पाणी साचलंय. ओतून टाकू?"

"अगं, ते आपलं पाणी आहे," साहेब म्हणाले. "मी स्वतः घातलंय."

सून बशा तशाच ठेवून आत गेली.

मग साहेबांनी शास्त्रशुद्ध पाहणी केली. इमारतीतल्या इतर अकरा घरांत जाऊन त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे डास कुठून येतात?" अकराच्या अकरा घरांनी 'शेजारून' असं सांगितलं. (चार घरांनी साहेबांच्या गॅलरीकडे बोट दाखवलं, ही मतं आकसापोटी दिलेली म्हणून बाद करण्यात आली.) बाराव्या घराचं, म्हणजे स्वतःचं उत्तर साहेबांनी स्वतःच दिलं. निष्कर्ष असा निघाला, की इमारतीतल्या एकाही घरात डास तयार होत नाहीत. डासांना हे कळवण्याची सोय नव्हती, म्हणून ते येत राहिले.

तरीही साहेबांचा एकावर पक्का संशय होता. समोरच्या दारातले दंतवैद्य. मुलांना झोपाळा करायचा म्हणून त्यांनी गॅलरीत एक जुना टायर आणून ठेवला होता. मुलं कॉलेजात गेली तरी तो टायर तिथेच, पोटात पाणी घेऊन बसलेला. माणसाच्या अक्कलदाढेमागचा कण ज्यांना दिसे, त्यांना हे पाणी दिसत नसे.

साहेब तक्रार घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या निरीक्षकांनी ती आदराने वाचली आणि परत केली.

"पुरावा लागेल."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळे दाखल करून घेता येत नाहीत हो. नमुना जमवा. आळ्या, पाण्यासकट. मी येईन तेव्हा दाखवा."

"कधी येणार?"

"येईन की."

('येईन की' ही एक सरकारी मुदत आहे. ती कधीही उलटून जात नाही, हे तिचं वैशिष्ट्य.)

दुसऱ्या दिवसापासून साहेब हातात पळी आणि पिशवीत बरणी घेऊन इमारतभर फिरू लागले. टायरातलं पाणी, शिकवणीवाल्या बाईंच्या बादलीतलं पाणी, गच्चीवरच्या फुटक्या पिंपातलं पाणी. आठ बरण्या भरल्या. प्रत्येकीवर मालकाचं नाव, आणि झाकणाला दोरा बांधून लाखेचा शिक्का. शिक्का मारताना त्यांना इतक्या वर्षांनी पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

पण घट्ट झाकणामुळे पुरावा मलूल पडू लागला. मेलेली आळी म्हणजे नुसता कचरा, असं म्हणायला दंतवैद्य मोकळे! म्हणून साहेबांनी झाकणं काढून दोऱ्याने कागद बांधला, दोऱ्यावर पुन्हा शिक्का मारला आणि पुराव्याला मोकळा श्वास घेता यावा म्हणून कागदाला पेन्सिलीने चांगली ऐसपैस भोकं पाडली. वर चिमूटभर बिस्किटाचा भुगा. आता बरण्या ठेवायच्या कुठे? बाहेरचे डास आत शिरून अंडी घालतील तर नमुन्यात भेसळ होईल, आणि भेसळ साहेबांनी जन्मात खपवून घेतली नव्हती. जिथे बाहेरचा डास शिरूच शकत नाही अशी घरात एकच जागा होती. बरण्या भिंगरीच्या खोलीत, कपाटावर, सुटकेसच्या पुढे मांडल्या गेल्या.

"आजोबा, हे वळवळतायत!" भिंगरी खुर्चीवर चढून म्हणाली.

"वळवळू देत. म्हणजे खटला मजबूत आहे. आईला सांगू नकोस, उगाच घाबरेल."

आठ-दहा दिवस गेले. निरीक्षक 'येईन की'मध्येच होते. भिंगरीच्या पायांवर लाल गांधी उठू लागल्या. दुहेरी जाळीतून हे कसं घडलं, याचा साहेबांनी साधकबाधक विचार केला आणि दंतवैद्यांनी हल्ला तीव्र केल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जाळीला तिसरा थर लावला आणि दाराखालची फटही कापसाने बुजवली. आता त्या खोलीत बाहेरून एकही डास येणं शक्य नव्हतं. (हे मात्र शंभर टक्के खरं होतं.)

आणि मग एका दुपारी भिंगरीला ताप भरला.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. भिंगरी डोळे मिटून पडली होती, आणि कधी नव्हे ती एका जागी ठरली होती. साहेब तिच्या उशाशी बसले. सुनेने खुर्ची ओढली, वर चढली आणि सुटकेस काढायला कपाटावर हात घातला. हाताला बरण्या लागल्या.

"बाबा, हे काय आहे?"

"पुरावे," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "शेजाऱ्यांच्या आळ्या."

सुनेने एक बरणी उजेडात धरली, मग दुसरी. "यात तर नुसतं पाणी आहे."

"असं कसं? कोणी पळवल्या?" साहेब ताडकन उठले. दोरा जागच्या जागी होता. शिक्के शाबूत होते. पुरावा मात्र कागदाच्या भोकातून रीतसर बाहेर पडला होता आणि पाण्यावर नुसती टरफलं तरंगत होती.

"पळवल्या नाहीत, उडाल्या," सून म्हणाली. "तुम्ही माझ्या पोरीच्या खोलीत डास पाळलेत, बाबा. वर तीन जाळ्या लावल्यात, म्हणजे बाहेर जायलाही नको."

साहेबांनी भिंगरीच्या पायावरच्या गांधी पाहिल्या आणि त्यांना रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाचंच माप चुकलेलं दिसेना, एक आपलं सोडून.

संध्याकाळी सुनेची सुटकेस भरून झाली आणि डॉक्टरांचा फोन आला. डेंग्यू नाही, साधा ताप. सुनेने साहेबांसमोर आठही बरण्या मोरीत रिकाम्या करून घासल्या. मग गॅलरीत जाऊन कुंडीखालची बशी उचलून आणली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. तिच्यात डझनभर आळ्या मजेत वळवळत होत्या.

"आणि या कोणाच्या?"

साहेबांनी चष्मा पुसला. बशी निरखली.

"या," ते हळूच म्हणाले, "दंतवैद्यांकडून आल्या असणार. वाऱ्याने."

सून गेली नाही. पण भरलेली सुटकेस तिने रिकामीही केली नाही. बरण्यांच्या जागी कपाटाच्या कडेला, खालून दिसेल अशी ठेवली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी साहेब सुटकेसकडे एकदा बघतात आणि गॅलरीतल्या बशा उपड्या करतात. विचारलं तर 'वारा फार आहे सध्या' म्हणतात.

वाचकहो, एव्हाना तुमच्या डोळ्यांसमोर तुमचा एक ठरावीक शेजारी उभा राहिला असेल, आणि हे त्याला वाचायला द्यावं असंही मनात आलं असेल. जरूर द्या. त्याने वाचलेलं आहे, आणि वाचताना त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात. मधे कुठेतरी तुम्ही पायावर फटकन हातही मारलात. तो डास कुठून आला, हे आम्ही विचारत नाही. तुमचं उत्तर आम्हाला पाठ आहे.